सौर बंब बसविताना उंचीचा हिशेब आधी

गच्चीवरचे सौर बंब वाढले तशा त्यांच्या तक्रारीही वाढल्या. ग्राहक म्हणतो, माल वाईट निघाला. पण दोष पुष्कळदा बसविण्यात असतो. नळकाम करणाऱ्या आणि नळसामान विकणाऱ्या बांधवांनी हे काम नीट समजून घ्यावे.

साध्या घरगुती बंबाला पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी त्याच्या जागी उतरते. एवढ्यावरच तो चालतो. म्हणून सारा खेळ उंचीचा. घराच्या थंड पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा. दोन्ही एकाच पातळीवर ठेवल्यास थंड टाकीतले पाणी खाली गेले की बंबही पुरता भरत नाही. चौथरा बांधून टाकी उचलण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात सांगावा. ग्राहक कुरकुर करील, पण नंतरच्या भांडणापेक्षा ते बरे. हवेच्या नळीचे उघडे तोंड थंड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर न्यावे. तिच्यावर कॉक कधीही बसवू नये.

बंबाचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे. महाराष्ट्रात सुमारे ३० ते ३५ अंशांचा उतार हिवाळ्याला सोयीचा पडतो. सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत सावली नको.

बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा बंब बरा. क्षार तिथेही साचतात, पण नळी काढून धुता येते.

गरम पाण्याची लाईन आखूड ठेवून तिला आवरण घालावे. साध्या पांढऱ्या पीव्हीसीऐवजी सीपीव्हीसी किंवा जीआय वापरावे. वीस मीटर लांबीच्या अर्धा इंची नळीत सुमारे साडेतीन लिटर पाणी मावते, एक इंचीत जवळजवळ दहा. पहाटे वुजूला बसलेल्या माणसाला तेवढे थंड पाणी आधी सोडून द्यावे लागते!

शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे चार युनिट वीज लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी तेवढी वाचते. पावसाळ्यात मात्र गिझर लागतोच, हे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगावे.

काचेच्या नळ्यांचा बंब प्रथम भरताना तो सकाळीच भरावा किंवा नळ्या झाकून ठेवाव्यात. उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत थंड पाणी शिरले तर ती तडकते.