जुनी मोटार आणि लांबचा रस्ता

सन १९०७ च्या नोव्हेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराहून हॅरी डटन आणि मरे ऑंगर हे दोघे टॅलबट जातीच्या एका मोटारीतून उत्तरेकडे निघाले. खंडाच्या दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत मोटारीने जावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. त्या मार्गावर रस्ता असा नव्हताच. होती ती तारायंत्राच्या खांबांची रांग, वाळूच्या टेकड्या आणि कोरड्या नद्यांची पात्रे. दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ते टेनंट क्रीक या ठाण्याच्या दक्षिणेस पोहोचले, आणि तेथे गाडीच्या मागील आसाजवळचे एक दातेरी चाक मोडले. पावसाळा तोंडावर आला होता. सुटा भाग मिळण्याची आशा नव्हती. अखेर गाडी तेथेच सोडून ते घोड्यांवरून माघारी वळले.

मुठीत मावेल अशा एका चाकाने एवढी मोठी मोहीम थांबविली. या गोष्टीला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. आता त्या वाटेवर डांबरी महामार्ग आहे, ठराविक अंतराने पेट्रोलचे पंप आहेत. तरीही या खंडातून मोटारीने दूरवर जाऊ पाहणाऱ्या प्रवाशाला, गाडी घेण्यापूर्वी तिचे लहानसहान भाग नीट पाहिले आहेत काय, हा प्रश्न आजही स्वतःला विचारावा लागतो.

ऑस्ट्रेलियाचा विस्तार महाराष्ट्राच्या सुमारे पंचवीसपट आहे. परंतु तेथील एकूण वस्ती तीन कोटींच्याही आत आहे, आणि त्यांतील बहुतेक लोक किनाऱ्याच्या शहरांत राहतात. मधला प्रदेश जवळजवळ रिकामा आहे. देशोदेशीचे तरुण एक वर्ष तेथे काम करावे, थोडे पैसे साठवावे आणि उरलेल्या दिवसांत तो देश पाहावा, अशा परवान्यावर येतात. सन २०२४ पासून भारतातील १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुणांनाही ही वाट खुली झाली असून, वर्षाला १,००० जणांची निवड सोडतीने होते. अशा प्रवाशाला महिनोन्‌महिने भाड्याची मोटार परवडत नाही. म्हणून तो एखादी वापरलेली मोटार विकत घेतो, तिच्यातून हजारो किलोमीटर हिंडतो आणि प्रवास संपला म्हणजे ती दुसऱ्या प्रवाशाला विकून टाकतो. खरेदी आणि विक्री या दोन किंमतींमधील अंतर एवढाच काय तो त्याचा खर्च. निदान हिशेब तरी असा सरळ दिसतो.

मागील आसने आडवी केली असता दोन माणसांना निजता येईल, अशी लांबट मोटार या प्रवाशांना विशेष प्रिय असते. फोर्ड कंपनीची फाल्कन आणि होल्डन कंपनीची कमोडोर या गाड्या त्या देशातच तयार होत. पहिलीचे उत्पादन २०१६ साली आणि दुसरीचे २०१७ साली बंद पडले. तरी रस्त्यावर त्या अजून दिसतात, आणि त्यांचे सुटे भाग ठाऊक असलेला मिस्त्री लहान गावीही भेटू शकतो. दुर्मीळ जातीची डौलदार गाडी स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. वाळवंटाच्या कडेला गाडी अडली म्हणजे तिचा डौल उपयोगी पडत नाही. तिचा भाग त्या गावी मिळतो की नाही, एवढेच महत्त्वाचे ठरते.

समजा, असा एखादा प्रवासी पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरी जुनी मोटार पाहावयास गेला आहे. तेथून पूर्वेस पोर्ट ऑगस्टा आणि मग उत्तरेस डार्विन, असा सुमारे पाच हजार किलोमीटरांचा मार्ग त्याने आखला आहे. विक्रेता हसतमुख असतो, गाडी धुऊन पुसून लखलखीत केलेली असते आणि इंजिन आधीच सुरू असते. अननुभवी माणसाला हे सौजन्य वाटते. जाणता ग्राहक मात्र इंजिन बंद करावयास सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येतो. कारण गार इंजिन सुरू होताना जे बोलते, ते तापलेले इंजिन झाकून ठेवते. पहिल्याच प्रयत्नात ते चालू होते की कुरकुरते, आतून खडखडाट येतो काय, हे त्या पहिल्या मिनिटातच कळते.

धुराकडेही पाहावे लागते. निळसर धूर आला तर इंजिन पेट्रोलाबरोबर वंगणाचे तेलही जाळीत आहे, असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक जात आहे. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक होय. परंतु गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला, तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असण्याचा संभव असतो. मग तेल भरावयाचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तेथे ताकावरच्या फेसासारखा पांढुरका थर दिसला, तर तेल आणि पाणी एकत्र झाल्याची शंका बळावते. सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट निकामी झाले म्हणजे असे होते. शहरात चार-दोन किलोमीटर फिरणाऱ्याला हा दोष आठवडेच्या आठवडे जाणवत नाही. मात्र चाळीस अंश उन्हात तासन्‌तास गाडी हाकणाऱ्याचे इंजिन त्याच दोषापायी तापून जखडून जाते.

पाणी वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात; तडकलेली नळी थोड्या पैशांत बदलता येते, पण ती वेळीच बदलली पाहिजे. टायर एकाच बाजूने झिजले असतील, तर चाकांची रेष बिघडली आहे किंवा गाडीला पूर्वी अपघात झाला आहे. समुद्रकाठी वाढलेल्या गाडीला खालून गंज चढलेला असतो, म्हणून जमिनीवर आडवे होऊन तिचा तळ पाहण्याची लाज बाळगू नये. गालिच्याच्या कडा उचलल्या असता खाली तांबडी धूळ सापडली, तर ही मोटार खंडाच्या अंतर्भागात एकदा तरी जाऊन आली आहे, असे ओळखावे. ही धूळ दोषाची खूण आहे की गुणाची, हे मात्र गाडीची निगा कशी राखली गेली यावर अवलंबून राहते. त्यासाठी तेल केव्हा बदलले, पट्टे केव्हा बदलले, यांच्या तारखा लिहिलेली वही मागावी. वही नसेल तर किंमत उतरवून मागण्यास ते पुरेसे कारण आहे. एवढे करूनही मनात किंतु राहिला, तर थोडे पैसे मोजून एखाद्या त्रयस्थ मिस्त्रीकडून गाडी तपासून घ्यावी. पुष्कळ जण नेमका हाच खर्च वाचवितात.

लोखंडाइतकेच कागदही पारखून घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात मोटारीची नोंदणी मध्यवर्ती सरकारकडे होत नाही; ती प्रत्येक राज्याकडे असते आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. व्हिक्टोरिया राज्यात मोटार दुसऱ्याच्या नावावर करावयाची असेल, तर ती रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला सामान्यतः लागतो. क्वीन्सलंडमध्ये गाडी विक्रीस मांडतानाच सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात नोंदणी चालू असलेली मोटार नव्या मालकाच्या नावे करताना अशा तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे तेथील पाटी असलेल्या गाड्या प्रवाशांमध्ये हातोहात खपतात. येथे थोडा विचार केला पाहिजे. तपासणी नाही म्हणजे खटपट कमी, हे खरे; पण मग गाडीचे परीक्षण करणारा दुसरा कोणी उरत नाही, आणि ते काम सर्वस्वी ग्राहकावर येऊन पडते.

दुसरी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. विक्रेत्याने ती मोटार तारण ठेवून कर्ज काढले असेल आणि ते फेडले नसेल, तर सावकार ती नव्या मालकाच्या दारातूनही उचलून नेऊ शकतो. अशा तारणांची नोंद ठेवणारे एक राष्ट्रीय दप्तर २०१२ साली सुरू झाले. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक देऊन दोन डॉलरांत त्यात शोध घेता येतो. नोंदणीबरोबर येणारा सक्तीचा विमाही नीट समजून घ्यावा. अपघातात माणसांना झालेल्या इजेपुरताच तो असतो. दुसऱ्याच्या मोटारीची नासधूस झाली, तर ती भरपाई तो देत नाही. त्यासाठी वेगळा विमा उतरवावा लागतो. वाहन डाव्या बाजूने चालविण्याची रीत तेथेही आहे, एवढी एक सोय भारतीयाला आयती मिळते.

कागद हाती आले, गाडी नावावर झाली, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. पर्थच्या पूर्वेस नॉर्समन हे गाव लागते. तेथून सेडूनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर एअर महामार्ग नलारबॉर या पठाराच्या बाजूने जातो. नलारबॉर म्हणजे लॅटिन भाषेत ‘एकही झाड नाही’. जमीन चुनखडीची असल्याने पडलेले पाणी आत झिरपते आणि वर नदी वा ओढा राहत नाही. एडवर्ड जॉन एअर आणि त्याचा आदिवासी सोबती वायली यांनी १८४१ मध्ये या किनाऱ्याने अतोनात हाल सोसून वाट काढली. कित्येकदा वाळूच्या टेकड्या खणून त्यांना पाणी मिळवावे लागले. आज त्याच दिशेने गुळगुळीत डांबरी सडक जाते. तिचा एक तुकडा १४६ किलोमीटरांहून अधिक लांब असून त्यात एकही वळण नाही. दोन पंपांमधील अंतर कोठे कोठे १८० किलोमीटरांहून जास्त आहे. दूरध्वनीचा संदेश लांबच लांब पट्ट्यांत पोहोचत नाही. काही ठिकाणी रस्त्यावरच विमान उतरविण्याच्या खुणा रंगविलेल्या दिसतात. आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी उडत्या डॉक्टरांचे विमान तेथे उतरते.

म्हणून या मार्गावर निघणारा शहाणा प्रवासी दोन स्टेपन्या, जॅक, पान्हे, रेडिएटरची जादा नळी, पंख्याचा पट्टा आणि वंगणाचे तेल बरोबर घेतो. माणशी दररोज पाच ते दहा लिटर या हिशेबाने काही दिवसांचे पाणी तो निराळे ठेवतो. फळे, भाज्या आणि मध मात्र फार भरून घेण्यात अर्थ नाही. पिकांवरील कीड एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून सीमेजवळच्या नाक्यांवर या वस्तू काढून घेतात. संधिकाळी आणि पहाटे कांगारू एकाएकी रस्त्यावर उडी घेतात. एका धडकेत रेडिएटर फुटतो आणि चांगली पारखून घेतलेली मोटारही निरुपयोगी होते. त्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठणे हाच शहाणपणाचा नेम होय.

पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेस वळले की स्टुअर्ट महामार्ग लागतो. तो सुमारे २,७०० किलोमीटर जाऊन डार्विनला मिळतो. ओपल रत्नांच्या खाणींचे कूबर पेडी हे गाव येण्यापूर्वी अडीचशे किलोमीटरपर्यंत पेट्रोल मिळत नाही. पुढे समोरून तीन-तीन, चार-चार डबे जोडलेले मालट्रक येतात. त्यांची लांबी ५० मीटरांहून अधिक असते, आणि असा ट्रक शेजारून गेला म्हणजे लहान मोटार वाऱ्याच्या झोताने हेलकावते. त्याला ओलांडून जावयाचे तर समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसला पाहिजे आणि गाडीच्या अंगी तेवढा जोर पाहिजे. पर्थमध्ये घाईने आटोपलेली चाचणी येथे आठवते.

आणि एवढी काळजी घेऊनही गाडी बंद पडलीच तर? अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे गाडी सोडून पायी निघणे. शोध घेणाऱ्याला विमानातून एकटा माणूस दिसत नाही, मोटार दिसते. शिवाय सावली आणि पाणी गाडीपाशीच असते. बॉनेट उघडे टाकावे, गाडीच्या सावलीत बसावे आणि दिवसा श्रम टाळावेत, असे त्या देशातले जाणते लोक सांगतात. चालत्या स्थितीत जिने खिसा रिकामा केला, तीच जुनी मोटार बंद पडल्यावरही माणसाचा जीव राखू शकते.

डटन आणि ऑंगर यांनी आपली गाडी सोडली ती त्यांना घोडे मिळाले म्हणून. पण त्यांनी तिला विसरूनही टाकले नाही. जून १९०८ मध्ये ते दुसरी टॅलबट मोटार घेऊन पुन्हा निघाले. ॲलिस स्प्रिंग्ज येथे अर्नेस्ट ऑलचर्च नावाचा तार खात्यातील माणूस त्यांना येऊन मिळाला. कित्येक महिने उन्हापावसात उभी असलेली जुनी मोटार त्यांना जागेवर सापडली. त्यांनी मोडलेल्या चाकाच्या जागी नवे बसविले, आणि ती चालू झाली! दोन्ही मोटारी बरोबरीने उत्तरेकडे निघाल्या. २० ऑगस्ट १९०८ रोजी त्यांची दुसरी मोटार डार्विनला पोहोचली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बर्डवुड गावच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात ती ठेवलेली आहे.

आजचा प्रवासी डार्विनला पोहोचतो तेव्हा त्याच्या मोटारीला असा मान मिळत नाही. तो तिच्यातली तांबडी धूळ झाडतो, गादी, शेगडी आणि पाण्याचे डबे पुन्हा नीट लावतो आणि विक्रीची चिठ्ठी लिहितो. आता तो विक्रेता झालेला असतो. वाटेत रेडिएटरला डाग द्यावा लागला, हे सांगावे की सांगू नये, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. सांगितले तर किंमत उतरणार. न सांगितले तर ती गाडी घेऊन दुसरा कोणी तरी अडीचशे किलोमीटरांच्या त्या निर्जल पट्ट्यात शिरणार. दारात एक नवखा तरुण येतो, मोटारीभोवती एक फेरी मारतो आणि इंजिन गार आहे काय, असे विचारतो. जुना मालक आपली वही उघडून त्याच्या हाती देतो. तिच्यात तेल बदलल्याच्या तारखा तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत लिहिलेल्या असतात, आणि शेवटच्या पानावर, ताज्या शाईत, रेडिएटरच्या डागाची नोंद असते.