संशयाची नोंदवही

जठारपेठ, अकोला

चि. बाळ,

हिटलरच्या छळछावण्यांबद्दल वाचून तू लिहिलंस, ‘माणसं इतकी क्रूर कशी होतात तेच कळत नाही.’ क्रौर्यापासून विचार सुरू केला की ती माणसं राक्षस ठरतात आणि आपण अलगद सुटतो. म्हणून नोंदवहीपासून सुरू कर. म्युनिकच्या पोलिसांनी जिप्सींची माहिती जमवणारं कार्यालय 1899 साली उघडलं, तेव्हा हिटलर दहाएक वर्षांचा पोर होता. तिथल्या कारकुनांचं काम कुणावर हात उगारण्याचं नव्हतं. नावगाव, नातेवाईक, मुक्काम असं लिहून ठेवायचं. पुढे औशवित्झला पाठवायची माणसं हुडकायला असल्याच नोंदी कामी आल्या.

आपल्याकडे तर हे म्युनिकच्याही 28 वर्षं आधी झालं. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा हिशेब मांडून इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पाळण्यातलं पोरसुद्धा गुन्हेगार! पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, संशय मात्र मागे राहिला. आपल्या वऱ्हाडातला फासेपारधी तितर-लावे धरून पोट भरायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तोही गुन्हा झाला. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी त्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर. त्याच समाजातल्या मतीन भोसले यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला भीक मागणाऱ्या पोरांसाठी शाळा काढली, तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. तू म्हणशील, त्यांच्यातले काही चोऱ्या करतातच की. करत असतील. बँका बुडवणारेही कुठल्या ना कुठल्या जातीचे असतात. त्यांच्या भाच्या-पुतण्यांना कुणी ठाण्यावर हजेरीला बोलावत नाही.

आणि हे सगळं साहेबासोबत गेलं असंही समजू नकोस. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. सगळा दोष मोबाइलवरच्या अफवेला देण्याची आपल्याकडे रीत आहे. पण तीच अफवा कानावर असताना सुटाबुटातले पाच जण एसटीतून उतरले असते, तर त्यांना आधी चहा विचारला गेला असता. झोळी बघून संशय पक्का झाला, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या तयारच होता. राईनपाडा हे आदिवासींचं गाव. ज्यांनी स्वतः तुच्छता सोसली त्यांनाही तिचा विटाळ वाटतोच असं नाही, हे मला जास्त बोचतं.

मग सावधच राहायचं नाही का? राहा ना. दाराला कुलूप लाव, कॅमेरा बसव. पण सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की त्यात काय लिहिलंय ते नीट बघ. जिन्यातली सायकल कुणी नेली, किती वाजता, कुठल्या गाडीतून, असं असेल तर खुशाल पुढे पाठव. ‘तसल्या बाया फिरताहेत’ एवढंच असेल तर पाठवू नकोस, आणि त्या बायांनी नेमकं केलं काय ते ग्रुपवरच विचार. चार जण नाकं मुरडतील, एखादा तुला ‘समाजसेवक’ म्हणेल. म्हणू दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा