हळद काढणी: ट्रॅक्टर, विहीर आणि पीटीओ

आज खत-फवारणीचं काही नाही. तुमचा ट्रॅक्टर जो चालवतो, त्यालाही हा मेसेज वाचून दाखवा.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॉलीत बसून शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणी गेल्या, तिघांना वर काढता आलं.

आता परत काढणी सुरू होतेय. बाया लागणार, ट्रॉली लागणार. म्हणून आधी विहिरीचं बोलू. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि अवकाळीची एक सर पडली की लोण्यासारखी होते. न बांधलेल्या विहिरीचा काठ वरून घट्ट दिसतो, पण खालून ढासळलेला असू शकतो. विहिरीपासून निदान वीस फूट सोडून दगड मांडा, चुना मारा. त्याच्या आत चाक जायला नको. गवताने झाकलेली विहीर असेल तर काठीला लाल कापड बांधा. ड्रायव्हर बाहेरचा असेल तर पहिल्या दिवशी त्याला सोबत चालत नेऊन विहीर, जुना आड, शेततळं दाखवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हाती स्टेअरिंग देऊ नका, मग ते कितीही भारी चालवत असो.

खरं तर ट्रॉली माणसं न्यायला नाहीच. पण न्यायचीच वेळ आली तर बायांना पक्क्या रस्त्यावरच उतरवा, शेतात त्या चालत येतील. पाच-दहा मिनिटं जातील, एवढंच. ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना मागे कोणी नको, दाखवणारा माणूस बाजूला आणि ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहू द्या. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय सोडा. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र अडकवा, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फिरतो.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक अडकलं तर 'बंद कर' म्हणून ओरडायलाही वेळ मिळत नाही. नवीन मशीनचं प्लास्टिक कव्हर 'मध्ये येतं' म्हणून काढून टाकलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. ते परत बसवा. पॉलिशच्या ड्रमजवळ किंवा मळणी यंत्राजवळ काम करताना पदर, ओढणी, रुमाल आत खोचून वर शर्ट घाला. काही अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मग हात.

शेवटी पैशाचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे. भूमिहीन मजूर बाईला ती लागत नाही. तिच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तुमच्याकडे येणाऱ्या बायांपैकी कोणाचं खातं आहे, कोणाचा विमा नाही, एवढी यादी करून संकलन केंद्रावर द्या. अर्ज आम्ही भरून देतो.