पूर्वसूचना आणि पूर्णाकाठ

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पावसाचे भाकीत म्हटले, की हवामान खात्याच्या आधी भेंडवळचे नाव निघते. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. अठरा प्रकारची धान्ये गोलाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात आणि रात्रभर त्या जागी कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी घटात काय हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वाघ घराण्यातील मंडळी वर्षाचे भाकीत सांगतात. या परंपरेला साडेतीनशे वर्षांचा इतिहास असल्याचे सांगितले जाते. या भाकितास शास्त्रीय आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे म्हणणे आहे आणि ते नाकारण्याजोगे नाही. ढेकूळ ओले होण्याचा आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा कार्यकारणसंबंध दाखवता येत नाही.

तरीसुद्धा भेंडवळला जाणारा शेतकरी भोळा आहे असे म्हणून हा विषय संपवणे मला योग्य वाटत नाही. तेथे जे सांगितले जाते ते ठरलेल्या दिवशी, ओळखीच्या माणसाच्या तोंडून, स्वतःच्या बोलीत आणि स्वतःच्या पिकाविषयी सांगितले जाते. याउलट ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य ऐकून संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या नाल्याकाठच्या माणसाने काय करावे? गुरे सोडावीत, की झोपावे? शास्त्र खरे असूनही सूचना निरुपयोगी ठरते, ती येथे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम दोन शब्दांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. ‘अंदाज’ म्हणजे आकाशात काय होईल ते सांगणे. ‘पूर्वसूचना’ म्हणजे त्यामुळे जमिनीवर कोणाचे काय होईल आणि त्याने कोणत्या वेळेपर्यंत काय करावे, ते सांगणे. अंदाज हवामानशास्त्रज्ञ देऊ शकतो. पूर्वसूचनेसाठी मात्र कोणती वस्ती किती उंचीवर आहे, कोणाची घरे मातीची आहेत, गावाबाहेर जाणारा रस्ता कोठे पाण्याखाली जातो, हे आधीच माहीत असावे लागते. या आधीच्या माहितीलाच आपत्तीच्या जोखमीचे मूल्यमापन म्हणतात. ओसाड माळावर आठ इंच पाऊस पडला तर तो केवळ पाऊस असतो. तोच पाऊस नाल्याच्या पात्रात बांधलेल्या पंचवीस झोपड्यांवर पडला तर ती आपत्ती होते. पाऊस निसर्गाचा, झोपडी तेथे येण्याची कारणे मात्र सर्वस्वी माणसांची.

आता आपल्या भागाकडे पाहू. पूर्णा सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते. उत्तरेकडे सातपुडा भिंतीसारखा उभा. तेथून निघणाऱ्या नद्यांना उतार फार, लांबी थोडी. दक्षिणेकडून अजिंठ्याच्या डोंगररांगांतील पाणी येते. मध्ये सपाट, खोल काळ्या मातीचा खारपाणपट्टा. या मातीत पाणी लवकर मुरत नाही. पूर्णा फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. म्हणजे गावात पाणी शिरण्यासाठी त्या गावात पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. सातपुड्यात रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर पायथ्याच्या गावांना मिळणारा अवधी दिवसांचा नसून काही तासांचाच असतो. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली, तिने हे पुन्हा दाखवून दिले. घरांत पाणी शिरले, रस्ते तुटले आणि शेतांतील माती खरडून गेली. वाहून गेलेली माती पुढच्या हंगामात परत येत नाही. पंचनाम्यात तिची किंमत मांडता येते. प्रत्यक्षात ती शेतकऱ्याच्या मुलालाही भरून काढता येत नाही.

अवधी म्हणजे काय, हे समजण्यासाठी पानशेतसारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच त्यात पाणी साठले होते. धरण खचत असल्याचे आदल्या दिवशीच जागेवरील लोकांना दिसत होते. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. धरण सकाळी फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि ते जुने दगडी धरणही दुपारपर्यंत फुटले. मग पुण्यातील नारायण, शनिवार, कसबा या पेठा पाण्याखाली गेल्या. रात्रभराची धडपड आणि त्यानंतरचे सकाळचे तास, एवढा अवधी हाताशी होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावास एवढा अवधी मिळाला तर तो भाग्ययोगच म्हणावा लागेल! धोका धरणावरील माणसांस ठाऊक होता, तो काठावरील माणसांपर्यंत वेळेत आणि निःसंदिग्ध शब्दांत पोचला नाही. त्या काळी मोबाइल नव्हता हे खरे, पण सायकल होती, ध्वनिक्षेपक होता, दवंडी होती. घबराट पसरेल या भीतीने माहिती हातात धरून ठेवण्याची वृत्ती मात्र यंत्रे बदलली तरी बदलतेच असे नाही.

विदर्भाचे स्वतःचे उदाहरण मोवाडचे. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातील हे गाव ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात सापडले आणि २०४ माणसे मेली. पुढे गावच नव्या जागी वसवावे लागले. पुण्याच्या पुरावर पुष्कळ लिहिले गेले. मोवाडचे नाव मात्र विदर्भाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही.

पूर्वसूचनेने माणसे वाचतात याचा पुरावा ओडिशाने दिला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. चौदा वर्षांत वादळांचा जोर कमी झाला नव्हता. आसरा देणाऱ्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले होते आणि ‘निघा’ म्हटल्यावर कोठे निघायचे हे लोकांस माहीत झाले होते.

आपल्याकडे यंत्रणा नाही असे कोणी म्हणू नये. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरास आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्याची वर्गवारी आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर जवळपासच्या विजेचा इशारा मिळतो. विदर्भात शेतात काम करताना वीज पडून मरणाऱ्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, म्हणून ही सोय मोलाची आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणही आहे.

परंतु साखळीतील काही कड्या नीट पाहिल्या पाहिजेत. नागपूरच्या रडारपासून शेगाव सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवरून जातो. त्याखाली काय घडते आहे ते त्यास दिसत नाही. तेव्हा आपल्या भागात जमिनीवरील पर्जन्यमापकांचे महत्त्व अधिक. महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. परंतु मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ‘अतिवृष्टी’, हे महसुली माप मुळात नुकसानभरपाईसाठी आहे. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला धरला जातो. रात्री दोन वाजता ज्याच्या घरात पाणी शिरले, त्यास सकाळी साडेआठची अतिवृष्टी काय उपयोगाची?

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. नांदुरा तालुक्यात येरळी येथे पूर्णेचे पाणी केंद्रीय जल आयोगामार्फत मोजले जाते. हे पाणी पुढे हतनूर, मग उकाई आणि मग सुरत असे जाते. १९६८ आणि २००६ साली पुराने हाहाकार झालेल्या सुरतेला ही मोजणी फार मोलाची आहे, आणि ती झालीच पाहिजे. पण नदी खाली वाहते, माहितीही तिच्याबरोबर खालीच जाते. आपल्या पाण्याची वर्दी सुरतेस मिळते. सातपुड्यातील पाण्याची वर्दी वरवट बकालच्या बाजूच्या खेड्यांस कोण देणार? मोठ्या नदीवरील मोठ्या शहरासाठी व्यवस्था उभी राहते, लहान नदीवरील लहान गाव तिच्या दोन टप्प्यांच्या मध्ये राहून जाते.

आता जोखमीच्या मूल्यमापनाविषयी थोडे गणित. पाटबंधारे खाते पुराच्या दोन रेषा आखते. साधारणतः पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘शंभर वर्षांत एकदा’ ऐकून माणूस निश्चिंत होतो. मागे मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही, असे तो समजतो. हा अर्थ चूक आहे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. तीस वर्षे तेथे राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब केला, तर ०.९९ चा तिसावा घात सुमारे ०.७४ येतो, म्हणजे त्या कुटुंबाने तो पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता शेकडा २६. चारांत एक! त्यातही या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, आणि तापत्या हवामानात थोड्या वेळात अधिक पाऊस पडू लागला आहे.

यादीवर फार विसंबू नये, हे इर्शाळवाडीने शिकवले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील ही वाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले, त्याची वर्दी बाहेर कशी पोचली? नेहमीच्या वाटेने जाणाऱ्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, म्हणून.

शेवटी सूचना पोचवण्याचा प्रश्न. पूर्वी कोतवाल दवंडी पिटत असे. २०२३ साली सरकारने मोबाइलवर मोठ्या आवाजाचे चाचणी-संदेश पाठवले तेव्हा अनेकजण दचकले, फोन बिघडला असेही काहींना वाटले. साधन उत्तम आहे; पण फोन घरातील एकाच्या खिशात असतो, आणि वादळी रात्री वीज गेली की मनोऱ्यांचाही भरवसा नाही. शिवाय दर आठवड्यास लाल इशारा आला आणि पाऊस आलाच नाही, तर ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होते. यावर उपाय इशारे कमी करणे हा नव्हे. इशारा लहान प्रदेशापुरता देणे आणि तो खोटा का ठरला हेही लोकांस सांगणे हा आहे. भेंडवळचे भाकीत चुकले तरी लोक पुढच्या वर्षी जातात, कारण सांगणारा समोर उभा असतो.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी एखाद्या गावी भरते. रस्तादुरुस्ती व वृक्षारोपण आपण करतोच. एखाद्या वर्षी पूर्णाकाठच्या गावात घरोघर जाऊन, ‘पाणी कोणत्या साली कोठपर्यंत आले होते?’ एवढे विचारावे. म्हाताऱ्या माणसांस देवळाची पायरी, पिंपळाचा पार, शाळेच्या भिंतीवरील ओल आठवते. त्या खुणा भूगोल विभागाच्या साधनांनी मोजून नकाशावर घ्याव्यात. कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, कोणत्या घरात अंथरुणावर खिळलेला माणूस आहे, कोणता रस्ता प्रथम बंद होतो, हे त्यावर दाखवावे. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या गावातील एका आणि खालच्या गावातील एका जबाबदार माणसाची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे, एक तहसील कार्यालयात द्यावी. हे काम मृग लागण्यापूर्वी व्हावे लागेल. आणि आपल्या परीक्षा त्याच सुमारास असतात, तेव्हा शिबिर हिवाळ्यातच घेणे बरे.