सुटलेले काम आणि उरलेला दिवस

काम सुटले की माणसाची मिळकत बुडते, एवढेच आपण धरून चालतो. मग 'नकार म्हणजे नवी सुरुवात' असा उपदेशही त्याला लगेच केला जातो. परंतु मिळकतीबरोबर त्याचा दिवसही मोडतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचे गिरणीगाव होते. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि बहुतेक कुटुंबे बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी ४७८ कुटुंबांच्या या गावाचा अभ्यास केला. तो १९३३ साली पुस्तकरूपाने आला. वेळ भरपूर मोकळा असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते. रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालत, वारंवार थांबत. सकाळपासून काय केले, हे त्यांना धड सांगता येत नसे. बायकांची चूल, मुले, धुणी सुटली नव्हती. त्यांची पावले भरभर पडत.

हे वाचले आणि मला आमचे बाबा आठवले.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. अडीच लाख हेक्टर सिंचन हे त्याचे उद्दिष्ट. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी चढले तशी नदीची वाळू बुडाली आणि वाळूतली आमची डांगरवाडीही. शेताचा मोबदला मिळतो. वाळूचा सातबारा आमच्या नावे कोठून असणार? घर गेले म्हणून बाबांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु बाबांचा अर्ज वय उलटल्याच्या शेऱ्यासह परत आला.

त्यानंतरही ते पहाटे चारलाच उठत. डांगराच्या वेलांना पाणी घालण्याची ती वेळ. उठून ओट्यावर बसत आणि "आता जाऊ कुठी?" एवढेच म्हणत. आई मात्र मारिएन्थालच्या बायकांसारखी दिवसभर धावतच होती.

आम्हा धिवरांच्या घरी जाळे होतेच, पण ते हाताने फेकायचे, कंबरभर पाण्यातले. धरणाच्या खोल पाण्यात आडवे लावून ठेवायचे जाळे आणि डोंगा लागतो. दोन्ही कर्जाने आले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर बाबा हे जाळे लावायला आपल्या पुतण्याकडून शिकले. मोठ्याने लहानाकडून शिकायचे, याचा त्यांना फार संकोच वाटे. पहिले काही दिवस ते अंधार पडल्यावरच त्याच्याकडे जात.

याला कोणी सहज 'नवी सुरुवात' म्हटले तर मला राग येतो. मिळकत डांगरवाडीइतकी नाही, कर्ज फिटलेले नाही. मात्र हे जाळे संध्याकाळी लावावे लागते आणि पहाटे उचलावेच लागते, नाही तर मासळी नासते. बाबा अजूनही चारलाच उठतात. ओट्यावर आता आईने मिरच्या वाळत घातल्या आहेत.