चार्जिंगचा दर कसा ठरतो? : स्थिर खर्च समजून घेऊया



'स्थिर खर्च' आणि 'बदलता खर्च' यांच्या व्याख्या मुलं पाठ करतात, पण गणित घातलं की अडखळतात. इलेक्ट्रिक गाडीच्या सार्वजनिक चार्जिंगवरून हा भाग अकरावी-बारावीला छान शिकवता येतो.

1. दर कशाचा बनतो?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला वीज महावितरणची. तिचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि चार्जिंग स्टेशनसाठी त्यात वेगळा वर्ग आहे. चार्जिंगवाला या विजेच्या पैशात जागेचं भाडं, यंत्राचा हप्ता आणि देखभाल मिळवतो. वर 18% जीएसटी.

2. गणित (आकडे मानलेले)
30 किलोवॅटचा चार्जर. महिन्याचा स्थिर खर्च 36,000 रुपये, वीज 9 रुपये युनिट. प्रत्येक गाडी 20 युनिट घेते, महिना 30 दिवसांचा.

- रोज 2 गाड्या : 1,200 युनिट. स्थिर खर्च युनिटमागे 30 रु. एकूण 39 रु.
- रोज 10 गाड्या : 6,000 युनिट. स्थिर खर्च युनिटमागे 6 रु. एकूण 15 रु.

वीज तीच, यंत्र तेच. फरक फक्त गिऱ्हाइकांचा. गाड्या कमी म्हणून दर जास्त, आणि दर जास्त म्हणून गाड्या कमी. हे चक्र मुलांना फळ्यावर काढायला सांगा.

3. वेळेचा दर
केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेशनला मिळणाऱ्या विजेचा दर सकाळी 9 ते दुपारी 4 सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट, इतर वेळी 1.3 पट असावा. कारण दुपारी सौर वीज भरपूर असते. सरासरी 9 रुपये धरली तर 6.30 आणि 11.70. म्हणजे 20 युनिटमागे 108 रुपयांचा फरक!

पण आपल्याकडचा नोकरदार सकाळची लोकल पकडतो आणि रात्री परततो. स्वस्त विजेच्या वेळी तो मुंबईत असतो. मग उपाय? स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये 3.3 किलोवॅटचे साधे, कमी खर्चाचे चार्जर. सहा तासांत जवळजवळ 20 युनिट भरतात. गाडी तशीही दिवसभर उभीच असते.

4. भार कोणावर?
ज्याच्या दारात स्वतःची पार्किंग आहे, तो घरच्या मीटरवर चार्ज करतो. स्टेशनचं भाडं नाही, जीएसटी नाही. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दाटीवाटीच्या इमारतीत राहणाऱ्याला मात्र बाहेरचाच दर. नळ नसलेल्याला टँकरचं पाणी महाग पडतं, तसंच हे.

वर्गात विचारा
1. रोज 5 गाड्या आल्या तर युनिटमागे खर्च किती? (उत्तर : 21 रु.)
2. चार्जिंग संपूनही गाडी न हलवणाऱ्याकडून जादा पैसे घ्यावेत का?
3. सुरुवातीचा तोटा कोणी सोसावा : चार्जिंगवाल्याने, नगरपालिकेने की गाडीवाल्याने?

तिसऱ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना वाद घालू द्या. फक्त प्रत्येकाने आपलं म्हणणं आकड्यांनी मांडायचं.