‘हुशार, जिद्दी’च्या पुढे

प्रश्न : चौथीच्या वर्गात हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींचं चित्रपुस्तक वाचलं. ‘त्या कशा होत्या?’ विचारलं की मुलं ‘हुशार, जिद्दी’ म्हणून मोकळी होतात. काय करू?

उत्तर : बाई, आधी विशेषणं मागूच नका, कृती मागा. आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या नाकारून त्यांनी ज्ञानकोश मागितला. तिथे थांबा. घरचे काय म्हणाले असतील? ‘जिद्दी’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या पानावरून? चित्रातले चेहरे, हात बघायला लावा. एमएस्सी नाही म्हणून त्यांना पीएचडी नाकारली. तरी १९४८पासून पुण्याच्या हवामान खात्यात त्या देशी उपकरणांसाठी राबल्या. याला नुसतं ‘जिद्दी’ म्हणायचं? मुलांना भांडू द्या. गुण आणि त्याचा पुरावा असा फळ्यावरचा तक्ता मात्र अगदी शेवटी काढा, नाहीतर मुलं रकानेच भरत बसतात.